मौन ही संमती नव्हे

शाळेतील किंवा कचेरीतील संगणक नित्याप्रमाणे सुरू करावा आणि आपण कधीही न दिलेली एखादी परवानगी त्याच्या सेटिंग्जमध्ये 'चालू' असलेली आढळावी, हा अनुभव आता विरळा राहिलेला नाही. आपले ठिकाण कळविणे, जाहिरातदारांसाठी ओळखक्रमांक देणे, वापराचा तपशील निर्मात्याकडे धाडणे, असे या परवानग्यांचे स्वरूप असते. कोणी तरी आपल्या यंत्रात शिरले, अशी शंका प्रथम मनात येते. ती क्वचित खरीही ठरते. परंतु बहुधा ही कळ चोराने दाबलेली नसते. निर्मात्यानेच ती दाबून पाठविलेली असते, आणि कचेरीत ती व्यवस्थापनाने ठरविलेली असू शकते. भयभीत होण्याचे कारण नसले, तरी निश्चिंत राहण्याचेही नाही.

२०१५ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ही प्रणाली आणली, तेव्हा घाईतल्या ग्राहकासाठी 'एक्स्प्रेस सेटिंग्ज' नावाचा सोपा मार्ग ठेवला होता. तो पत्करला की अनेक परवानग्या एकदम दिल्या जात. गरजेपेक्षा अधिक माहिती गोळा होते आणि जाहिरातीचा ओळखक्रमांक संमतीवाचून चालू ठेवला जातो, असे आक्षेप घेऊन फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जुलै २०१६ मध्ये कंपनीला नोटीस बजावली. २०१७ मध्ये कंपनीने तो मार्ग बंद करून एकेक बाब ग्राहकापुढे निर्णयासाठी ठेवली आणि गोळा होणारी माहितीही घटविली. नियंत्रक जागरूक असला, तर बलाढ्य कंपन्यांनाही नमावे लागते.

आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्वाळा युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. मौन हे संमतीचे लक्षण, हे वचन आपल्या परिचयाचे आहे. पण ज्याला प्रश्नच विचारला गेला नाही, त्याच्या मौनातून संमती कशी काढणार?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमती मुक्त, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे म्हटले आहे. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांतून, म्हणजे मराठीतूनही, वाचण्याची सोय त्यात सांगितली आहे. ही तरतूद कागदावरच राहता कामा नये.

हा प्रश्न केवळ आपल्यापुरताही नाही. शिक्षकाच्या संगणकात विद्यार्थ्यांचे गुण आणि पत्ते असतात, कारकुनाच्या संगणकात शेकडो अर्जदारांचे कागद. त्यांच्या वतीने परवानगी देण्याचा अधिकार निर्मात्याला कोणीही दिलेला नाही. म्हणून शाळांनी आणि कार्यालयांनी यंत्रे घेतानाच अनावश्यक परवानग्या बंद ठेवण्याची अट घालावी, आणि प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर सेटिंग्ज पुन्हा तपासण्याचे काम एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.