लाखांत एक ओळखणारा



आमच्या बोरीत वर्गातल्या एकाला कुत्रं चावलं. घरी रागावतील म्हणून पठ्ठ्यानं दोन दिवस लपवलं! कळताच दवाखान्यात नेलं, सगळी इंजेक्शनं दिली. मग वर्गात प्रश्न आला, "बाई, औषधाला विषाणू ओळखू कसा येतो?"

ज्वारीतला खडा आई ओळखते, म्हणूनच वेचते ना? विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. ते ओळखून धरणारी प्रतिपिंडं आपलं शरीर बनवतं. पण ती नाना तऱ्हांची, सरमिसळ. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी युक्ती काढली. उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी त्यांनी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. ही जोडपेशी वाढतच राहिली, अन् एकाच जातीचं प्रतिपिंड बनवत राहिली! १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं.

असं प्रतिपिंड बारीक मण्यांना चिकटवून मणी नळीत भरतात. वरून विषाणूच्या प्रथिनांचं मिश्रण ओततात. हवा तो काटा अडकतो, बाकीचं वाहून जातं. मग थोडं आंबट पाणी सोडलं की पकड सुटते आणि शुद्ध प्रथिन हाती येतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशाच एका प्रतिपिंडाला २०१६ साली मान्यता मिळाली. ते रेबीजच्या विषाणूचा काटा धरतं. ते जखमेत टोचतात. सोबत लस हवीच.

पण विषाणू मेंदूत पोचला, की उपाय उरत नाही. म्हणून कुत्रं चावलं तर लपवू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा. हळद-मिरची नको. लगेच दवाखाना गाठा. आणि पालकहो, आधी रागावू नका बरं!