विश्लेषण : दातांना तार लावण्याआधी पैशांचा हिशेब होतो, वेळेचा का नाही?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड... कुठल्याही स्टेशनबाहेर दहा मिनिटे चालले की दातांच्या दवाखान्याची पाटी दिसतेच. पाटीवर आता ‘ब्रेसेस’ आणि ‘अलाइनर’ हे शब्द ठळक असतात आणि खाली सुलभ हप्त्यांची ओळ असते. घरोघरी चर्चा होते ती खर्चाची. पण उपचार अर्ध्यावर अडकतो तो बहुधा वेळेमुळे. तार लावणे ही एकदाची खरेदी नव्हे. दीड-दोन वर्षे, दर चार ते सहा आठवड्यांनी, शक्यतो एकाच डॉक्टरकडे जाण्याची ती बांधिलकी आहे. पाटीवर ही गोष्ट लिहिलेली नसते.

तार नेमके काय करते?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो. दातावर सतत हलका दाब राहिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि विरुद्ध बाजूला नवे हाड तयार होते. दात असा हाडातून वाट काढत सरकतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जास्त जोर लावला म्हणून काम लवकर होत नाही, उलट दातांची मुळे आखूड होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच ‘लग्न सहा महिन्यांवर आलंय, तेवढ्यात दात सरळ करून द्या’ या मागणीला जो डॉक्टर लगेच हो म्हणतो, त्याच्याबद्दल दोनदा विचार करावा. पुढचे दोन-तीन दात किंचित वाकडे असतील तर सहा महिन्यांत काम होऊही शकते. सुळा वर अडकलेला असेल किंवा दाढा काढून जागा करायची असेल, तर नाही.

‘दहावी होऊ दे, मग बघू’ हे बरोबर की चूक?

दोन्ही. फक्त दातांची गर्दी असेल तर वर्षभर थांबल्याने फारसे बिघडत नाही. पण खालचा जबडा मागे किंवा पुढे असेल, तर वाढीचे वय वापरता येते, आणि मुलींमध्ये ही वाढ मुलांपेक्षा आधी थांबते. जबड्यातला मोठा फरक वाढ संपल्यावर एकट्या तारेने सुटत नाही, काहींना शस्त्रक्रिया लागते. त्यामुळे तार कधी लावायची हे नंतर ठरले तरी चालेल, तपासणी मात्र लांबवू नये. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करून घ्या, असे सुचवते. आपल्याकडे ती बहुतेकदा नववीच्या सुट्टीत होते, आणि मग क्लासचे वेळापत्रक आडवे येते.

मोठ्यांना वयाची आडकाठी नाही. तिशी-चाळिशीतही दात सरकतात. अट एकच, आधी हिरड्या निरोगी हव्यात. पायोरियाने हाड खाली गेलेल्या दाताला तार बांधणे म्हणजे भुसभुशीत जमिनीतला खांब ओढणे. ‘या वयात कसल्या तारा’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे दुर्लक्ष करता येते, हिरड्यांकडे नाही.

उपनगरांत अडचण कुठे येते?

ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएसनंतर या विषयात तीन वर्षांचे एमडीएस केलेला डॉक्टर. उपनगरांतल्या अनेक छोट्या दवाखान्यांत तो रोज बसत नाही, ठरलेल्या वारी येतो. यात गैर काही नाही. पण तार टोचू लागली, ब्रॅकेट निघाले, तर मधल्या दिवसांत कोण बघणार, हे आधीच विचारलेले बरे. उपचार कोण करणार, त्याची पदवी काय आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारण्यात संकोच नसावा.

दुसरी अडचण खास मुंबईची. अकरा महिन्यांचे भाडेकरार, पुनर्विकासासाठी रिकाम्या झालेल्या इमारती, बदलणाऱ्या नोकऱ्या. अंधेरीत लावलेली तार विरारला राहायला गेल्यावर कोण आवळणार? नवा डॉक्टर दुसऱ्याचे अर्धे काम सहसा आनंदाने घेत नाही, घेतले तरी पैसे नव्याने मागतो. म्हणून सुरुवातीचे एक्स-रे, फोटो, दातांचे साचे आणि उपचाराचा आराखडा यांच्या प्रती पहिल्याच महिन्यात मागून ठेवाव्यात. पैसेही टप्प्याटप्प्याने द्यावेत. सगळी रक्कम आधी भरून घेणारी सवलत घर बदलणाऱ्याला महागात पडते.

अलाइनर हा सोपा मार्ग आहे का?

दिसायला नक्कीच. १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने पारदर्शक साचे जगभर नेले. पण ते दिवसाला सुमारे २२ तास तोंडात हवेत. कटिंग चहा, वडापाव, ऑफिसातला वाढदिवसाचा केक, दर वेळी काढा, चूळ भरा, पुन्हा लावा. विरार लोकलमध्ये उभे राहून हे जमत नाही. घरबसल्या साचे पाठवणारी अमेरिकेतील स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांना स्थानिक डॉक्टर शोधा, असे सांगण्यात आले. समोर डॉक्टर असणे का महत्त्वाचे, हे त्यातून कळावे.

तारेचाही जाच आहेच. चकली, चिक्की, ऊस, भाजलेले कणीस बंद. ‘दिसू नये’ म्हणून सिरॅमिक ब्रॅकेट घेणाऱ्यांना मराठी स्वयंपाकघर वेगळाच धडा शिकवते : ब्रॅकेट पांढरे राहते, पण त्याभोवतीचे पारदर्शक रबर हळदीने दोन दिवसांत पिवळे होते.

सरकारी पर्याय किती जवळ?

मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आणि शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ आहे. दोन्हीकडे खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार होतात. पण दोन्ही शहरात. मुलुंड किंवा बोरिवलीहून दर महिन्याला तिथे जायचे तर मुलाची शाळा बुडते आणि सोबतच्या पालकाचा निदान अर्धा दिवस जातो. रोजंदारीवरच्या घराला दोन वर्षांत असे वीसेक दिवस परवडत नाहीत. उपनगरांत राजावाडी, कूपर, भगवती अशी पालिकेचीच रुग्णालये आहेत. दंत महाविद्यालयातले पथक ठरलेल्या वारी तिथे बसवले, तर शहरात फक्त मोठ्या कामांसाठी जावे लागेल. खासगी दवाखान्यांना जी फिरत्या डॉक्टरची पद्धत जमते, ती पालिकेला न जमण्याचे कारण नाही. आरोग्य विमा सहसा तारेचा खर्च देत नाही, त्यामुळे या मागणीला अधिकच वजन आहे.

तार निघाली की संपले?

नाही. सरकलेले दात मूळ जागी परतू पाहतात, आणि त्यांना धरून ठेवणारा रिटेनर सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, पुढे रात्री वापरावा लागतो. तो पॅकेजमध्ये आहे का, हे सुरुवातीलाच विचारावे. जेवताना कागदी रुमालात गुंडाळलेला रिटेनर हॉटेलच्या ताटाबरोबर उचलला जाणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. हरवला, तर दुसरा त्याच आठवड्यात करून घ्यावा, पुढच्या पगाराची वाट पाहू नये.