शब्द जुने, चाल आपली

धर्मपरंपरा ग्रंथामुळे टिकते की गळ्यामुळे, हा वाद जुनाच आहे. २००३ साली स्मिथसोनियन फोकवेज या अमेरिकी संस्थेने युगांडातील ‘आबायुदाया’ या ज्यू समाजाच्या संगीताची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. या वादाचा विचार करताना ती अवश्य ऐकावी.

पूर्व युगांडातील म्बाले शहराच्या आसपास राहणारा हा समाज प्रामुख्याने शेतकऱ्यांचा. सेमेई काकुंगुलू या सेनानीने १९१९ साली ज्यू धर्म स्वीकारला. त्याच्या अनुयायांतून हा समाज घडला. इदी अमीनच्या राजवटीत, १९७१ ते १९७९ या काळात, ज्यू उपासनेवर बंदी आली. अनेकांनी धर्म बदलला. हजारोंचा समाज काही शेकड्यांवर आला. पुढे १९८०च्या दशकात तरुणांनी त्याला पुन्हा उभारी दिली, आणि त्या कामी संगीत हेच त्यांचे मोठे साधन होते.

या संग्रहात हिब्रू प्रार्थना आहेत, लुगांडा भाषेत गायिलेली स्तोत्रे आहेत. समूहगायनाचा बाज मात्र अस्सल आफ्रिकी आहे. प्राचीन प्रार्थनेला अशी स्थानिक चाल लावणे म्हणजे परंपरेशी तडजोड, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्यू प्रार्थनेची चाल सर्वत्र एकच होती कधी? येमेनमधील ज्यूंची निराळी, पोलंडमधील ज्यूंची निराळी. आपल्या बेने इस्राएल समाजाने तर बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली.

यंत्रसामग्री वापराने झिजते, असे अर्थशास्त्राचे अध्यापक वर्गात सांगतात. गाण्याचा हिशेब उलटा आहे; ते न वापरल्यानेच नष्ट होते. शिवाय वापरातून त्याची पत वाढते. याच समाजातील गायक जे. जे. केकी यांनी २००४ साली ज्यू, ख्रिस्ती व मुस्लिम कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली. आपले गाणे आत्मविश्वासाने गाणारा समाज शेजाऱ्याला घाबरत नाही, हेच यातून दिसते.

म्हणून परंपरेच्या रक्षणाची चिंता वाहणाऱ्यांनी शुद्ध चालीचा आग्रह थोडा आवरावा. मुलांना घरच्या बोलीत, घरच्या सुरांत गाऊ द्यावे. एक राजवट जे पुसू पाहते, ते गळ्यात उतरलेले असेल तर तिला पुरते पुसता येत नाही. मात्र ज्यांच्या ओठी ते कधी आलेच नाही, त्यांच्याकडून ते हिरावून घेण्यासाठी हुकूमशहाचीही गरज उरत नाही.