तहानलेली वेल दार कधी लावते?



मोबाइलवर अधूनमधून एक बातमी फिरत असते: अमुक पिकात दुष्काळाला तोंड देणारं जनुक सापडलं. पुढे दोनचार टाळ्या, एखादा तिरंगा, आणि 'आता शेतकऱ्याची चिंता मिटली' असा समारोप. माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला ही बातमी फार आवडते. एक ओळ बदला, प्रोग्रॅम सुधारतो. एक जनुक बदला, वेल दुष्काळात तरते. किती सोपं!

म्हणून या वेळी विषय घेतलाय द्राक्षाचा. बेळगावकरांना तो लांबचा नाही. अथणीकडून वर निघालं की एका बाजूला तासगाव, दुसऱ्या बाजूला विजापूर. हा सगळा पट्टा द्राक्ष आणि बेदाण्याचा, आणि हाच पट्टा पाण्यासाठी आभाळाकडे बघणारा. टँकरनं पाणी आणून बागा जगवलेली माणसं आपल्या नात्यागोत्यात आहेत.

एका अक्षरानं काय होतं, ते आधी बघू. पिनो न्वारच्या कुळातल्या एका वेलीचा जनुकीय आराखडा २००७ साली फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी वाचून काढला. फळपिकांत हा पहिलाच. १९ गुणसूत्रं, जवळपास ५० कोटी अक्षरं आणि सुमारे ३० हजार जनुकं. आता आपली थॉमसन सीडलेस घ्या. तिच्यात बी का नसते, याचं उत्तर २०१८ साली स्पेनमधल्या संशोधकांनी दिलं. बीचं आवरण घडवणाऱ्या एका जनुकात फक्त एक अक्षर बदललंय. तेवढ्यानं बी अर्धवट राहते आणि आपण द्राक्ष न थुंकता खातो. पन्नास कोटींत एक अक्षर!

मग दुष्काळाचं अक्षर कुठं आहे? तर असं एकच अक्षर नाही. का नाही, हे समजायला वेलीची अडचण समजून घ्यावी लागते.

द्राक्षाच्या पानाच्या खालच्या अंगाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. प्रत्येक छिद्राला दोन पेशींचं दार असतं. दार उघडलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यातून साखर तयार होते. पण त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच उडून जातं. दार उघडं ठेवलं तर तहान, बंद केलं तर उपास. पाणी कमी पडलं की वेलीपुढे प्रश्न एवढाच असतो: दार कधी लावायचं?

हा निर्णय जनुकं कशी घेतात, ते बघताना मला आमच्या धंद्याची आठवण झाली. पाण्याचा ताण जाणवला की वेलीत एनसीईडी नावाची जनुकं कामाला लागतात आणि एबीए नावाचं संप्रेरक वाढतं. हा झाला तहानेचा निरोप. आता गंमत बघा. दार लावणारं प्रथिन पानात आधीपासून हजर असतं, पण एरवी दुसऱ्या एका प्रथिनानं त्याचे हात धरून ठेवलेले असतात. निरोप येतो तो तिसऱ्याच्या हातात. हा तिसरा जाऊन त्या हात धरणाऱ्यालाच पकडतो. हात सुटतात, दाराच्या पेशींतले क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जातं, पेशी सैल पडतात आणि दार मिटतं. 'नाही'ला 'नाही' म्हटलं की 'हो' होतं, तसंच. हा तिसरा, म्हणजे निरोप घेणारा, २००९ साली मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात सापडला. द्राक्षातही याच घराण्यातली जनुकं आहेत. सगळी माणसं आधीच जागेवर असल्यामुळे निरोप आल्यावर वेळ जात नाही.

यंत्रणा तीच असली तरी सगळ्या जाती सारख्या वागत नाहीत. ग्रनाश ही भूमध्य समुद्राकाठची जात अंथरूण पाहून पाय पसरते. जमीन सुकायला लागली की लवकर दार लावते आणि अंगातलं पाणी राखते. सिराह ही तिच्या शेजारची जात ऋण काढून सण करणारी. ताण पडला तरी ती बराच वेळ दार उघडं ठेवते आणि साखर करत राहते. त्यापायी तिच्या पानांतला पाण्याचा ताण खूप वाढतो. ओढ हाताबाहेर गेली तर खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पुरवठाच तुटतो. अर्थात जमीन आणि हवामान बदललं की तीच जात थोडी वेगळी वागते, त्यामुळे कुणाच्या कपाळावर कायमचा शिक्का मारता येत नाही.

यांतली शहाणी कोण? दुष्काळ पंधरा दिवसांचा असेल तर सिराह जिंकते, कारण पाणी येईपर्यंत तिनं कमावून ठेवलेलं असतं. तोच चार महिन्यांचा असेल तर ग्रनाश टिकते. म्हणजे 'दुष्काळाला तोंड देणारं' हे विशेषणच अर्धवट आहे. कोणत्या दुष्काळाला, किती दिवसांच्या, वाढीच्या कोणत्या टप्प्यावर? आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेतात, आणि नेमकं तेव्हाच विहिरीत पाणी नसतं. त्या वेळी बसलेली ओढ ऑक्टोबर छाटणीनंतर, घड मोजताना कळते. इतक्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एका अक्षरात मावणार कसं? दार लावणं, मुळं खोल नेणं, पेशींच्या भिंतींतून पाणी जाऊ देणं, पानं लहान ठेवणं, या प्रत्येकात कितीतरी जनुकांचा थोडाथोडा हात असतो.

त्यात द्राक्षाच्या बागेत आणखी एक गोष्ट असते, ती मला सगळ्यात भारी वाटते. आज आपण जिला एक वेल म्हणतो, त्या बहुतेक वेली खरं तर दोन असतात. वर एक जात, खाली दुसऱ्याच वेलीचं मूळ, म्हणजे खुंट. दोन वेगळे आराखडे एकाच खोडात!

ही पद्धत जगभर गेली ती एका किडीमुळे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड पोचली आणि मुळं खाऊन तिनं बागा संपवल्या. अमेरिकेतल्या रानटी द्राक्षांना ही कीड सोसत होती, म्हणून त्यांच्या मुळांवर युरोपातल्या जाती बांधायला सुरुवात झाली. त्या रानटी वेलींची शास्त्रीय नावं बघा: रिपेरिया म्हणजे नदीकाठची, रुपेस्ट्रिस म्हणजे खडकातली. नदीकाठच्या मुळाला दुष्काळ झेपत नाही, यात नवल ते काय! आपल्याकडे कोरड्या रानासाठी सांगितला जाणारा ११० आर हा खुंट टेक्सासच्या चुनखडी टेकड्यांवरच्या बर्लांदिएरी आणि खडकातल्या रुपेस्ट्रिसच्या संकरातून आला. डॉगरिज हाही टेक्सासचाच. आपल्या भागात खुंट पसरले ते किडीच्या धास्तीनं नाही, तर पाणीटंचाई आणि खारवट जमिनीमुळे, मुख्यतः १९९० च्या दशकापासून.

मग दार लावायचा निर्णय कुणाचा, वरच्या जातीचा की खालच्या मुळाचा? बोर्दो इथल्या संशोधकांनी २०१२ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काबर्ने सॉव्हिन्यों आणि रिपेरिया यांच्या संकरातून झालेली पुष्कळ भावंडं त्यांनी खुंट म्हणून घेतली आणि सगळ्यांवर एकाच जातीचं, काबर्नेचं, कलम केलं. वर सगळीकडे तेच, खाली प्रत्येक ठिकाणी वेगळं. तीन वर्षं पाणी मोजलं. पानांतून किती पाणी उडतं, यावर मुळातल्या जनुकांचा प्रभाव दिसला. शिवाय एरवी पाणी किती उडतं आणि टंचाईत वेल त्यात किती काटकसर करते, या दोन गोष्टी मुळातल्या वेगवेगळ्या जनुकांच्या हातात निघाल्या. म्हणजे चांगल्या दिवसांत उधळा असलेला खुंट वाईट दिवसांत काटकसरी निघू शकतो.

अथणी तालुक्यातल्या माझ्या मामांची बाग जुनी झालीय, नव्यानं लावायची आहे. परवा ते म्हणाले, "एवढं शिकलायस, मग सांग की, दुष्काळात टिकणारी जात कुठली?" मी त्यांना म्हटलं, "मामा, जात बदलून फारसं काही हाती लागणार नाही. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, सगळी एकाच घरातली." खरंच तसं आहे. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली तास-ए-गणेश काय किंवा नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका काय, थॉमसनच्याच वेलींत आपोआप झालेल्या छोट्या बदलांतून डोळस शेतकऱ्यांनी त्या हेरल्या. मणी लांबला, रूप बदललं, पण बाकीचा जवळजवळ सगळा आराखडा तोच राहिला. वर आपण मैलोन्‌मैल एकच वेल लावून बसलोय. वेगळेपणा आणायला जागा उरते ती जमिनीखाली.

मामा क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "मग सगळ्या एकरांत एकच डॉगरिज कशाला लावू?" मला वाटतं, हाच खरा प्रश्न आहे. माती आणि विहिरीचं पाणी तपासून घ्यावं, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा, आणि जमत असेल तर एखाद्या तुकड्यात दुसरा खुंट लावून बघावा. एकदा लावलेली बाग दहापंधरा वर्षं सांभाळायची असते. त्यात किती पावसाळे दगा देतील, ते कुणी सांगावं?

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. द्राक्षवेलीला मात्र दोन्ही विचारावं. मंडळी, पुढच्या वेळी कुणा नातेवाइकांच्या बागेत गेलात तर 'जात कुठली?' एवढ्यावर थांबू नका. 'खुंट कुठला?' हेही विचारा. तुम्हाला काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.