पगार वाढला की रेशन तुटते

अन्न सुरक्षा कायदा राबवताना महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली: शहरात ५९,०००, गावात ४४,००० रुपये. म्हणजे शहरातल्या अख्ख्या कुटुंबाची कमाई महिन्याला पाच हजारही नको! ठेकेदाराने किमान वेतन प्रामाणिकपणे दिले (देत नाही, ती गोष्ट वेगळी), तर एकटा सफाई कामगार ही रेषा ओलांडतो. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मांडणाऱ्या बाबासाहेबांना हेच अभिप्रेत होते काय? वस्तीतल्या आयाबाया पगार कमी सांगतात. त्यांना खोटारड्या म्हणणे सोपे आहे. पण पाच माणसांचे महिन्याचे २५ किलो धान्य एका रुपयाच्या वाढीने जाणार असेल, तर खोटे बोलायला भाग पाडते कोण?

आता वर पाहा. नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या थोडे पुढे गेलेल्या करदात्याला ‘मार्जिनल रिलीफ’ मिळते. वाढीव कमाईपेक्षा जास्त कर त्याला भरावा लागत नाही. सरकारला हा हिशोब तिथे बरोबर जमतो. मग रेशनकार्डालाही तो लावा. मर्यादा महागाईशी जोडा, आणि ती ओलांडणाऱ्याचे धान्य एकदम न तोडता माणशी पाच किलोचे आधी तीन, मग एक करा.