उमेदवारीचे दोन महिने

वैशाखाचा वणवा पेटला की दांडिया बाजारातल्या मराठी घरांतून पूर्वी दोनच विषय निघत: लोणच्याच्या कैऱ्या आणि पुण्या-मुंबईची तिकिटे. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी सुट्टीत 'इंटर्नशिप' कोठे करणार? आमच्याकडेही या निमित्ताने पुष्कळ मंडळी येतात. कुणाला इस्पितळात ओळख हवी असते, कुणाला आरोग्य-संशोधन करणाऱ्या संस्थेत. शब्द नवा असला तरी वस्तू जुनीच आहे. गायकवाडी अमलात कचेरीत बिनपगारी बसणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. जागा रिकामी होईपर्यंत त्याने दप्तरे बांधावीत, नकला कराव्यात आणि वरिष्ठांची मर्जी सांभाळावी. आजच्या इंटर्नशिपमध्ये मर्जीचे कलम तेवढे कागदावर येत नाही.

वैद्यकीच्या विद्यार्थ्याचे बरे असते. एम.बी.बी.एस.नंतरचे सक्तीचे वर्ष त्याला ठरूनच मिळते. त्याला संशोधनाची आवड असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दोन महिन्यांची विद्यार्थी-शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. आम्हांस लिहावयाचे आहे ते दुसऱ्याच मुलांविषयी. समाजकार्य, पोषणशास्त्र, संख्याशास्त्र किंवा रुग्णालय-प्रशासन शिकणारी ही मुले गळ्यात स्टेथोस्कोप नसताना आरोग्याच्या क्षेत्रात शिरू पाहतात. त्यांच्यासाठी आपले शहर वाईट नाही. १९४९ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याच साली महाराजा सयाजीराव विद्यापीठही स्थापन झाले. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. गृहविज्ञानाकडे त्या काळी 'स्वयंपाकाची शाळा' म्हणून नाके मुरडणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही होतीच; पण पुढे तेथल्याच पोषण विभागात डॉ. तारा गोपालदास यांच्यासारख्या संशोधिकांनी शाळकरी मुलांच्या रक्तक्षयाचा आणि मध्यान्ह भोजनाचा अभ्यास केला. विक्रम साराभाईंनी १९६० मध्ये उभारलेली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्थाही वडोदऱ्याचीच. कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय पाहणी तिने १९७०च्या सुमारास केली आणि दहा वर्षांनी पुन्हा केली. घरोघर जाऊन माणसांना प्रश्न विचारण्याची विद्या या शहराला अशी जुनीच परिचयाची आहे.

तरीही गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले, त्याने ही विद्या किती अवघड आहे हे आम्हांस प्रथम उमगले.

आमच्या चुलतभावाची नात येथेच शिकते. तिला एका संस्थेत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. पहिला पंधरवडा रेकॉर्ड रूममध्ये गेला. जुने केसपेपर क्रमवार लावायचे आणि त्यांतील नोंदी संगणकात उतरवायच्या. मुलगी कंटाळली. "आजोबा, हे काय शिक्षण झाले?" असे तिने आम्हांस विचारले आणि आम्हीही तिच्या सुरात सूर मिळवला. हळूहळू मात्र तिच्या ध्यानात आले की गरोदर स्त्रियांच्या कितीतरी कागदांवर पहिल्या तपासणीची नोंद आहे आणि पुढे सारे कोरे आहे. सरकारी नियमाप्रमाणे गर्भारपणात किमान चार तपासण्या व्हावयास हव्यात. या बायका गेल्या कोठे? संस्थेलाही तेच शोधावयाचे होते. म्हणून शहराच्या कडेच्या वस्त्यांतील चाळीस पत्ते आणि प्रश्नांचे फॉर्म देऊन तिला पाठविण्यात आले.

येथे मराठी घरात वाढून गुजराती शाळेत शिकल्याचा तिला फार उपयोग झाला. फॉर्मवर 'ॲनिमिया' असे छापलेले होते. बायका सांगत, 'लोही ओछुं छे', 'नबळाई लागे छे'. एकीने 'जीव गभराय छे' म्हटले, तेव्हा ती भ्यालेली नसून तिला कासावीस होते आहे, हे आमच्या पोरीला कुणी समजावून सांगावे लागले नाही. आपला 'जीव घाबरा होणे' तोच. संशोधनात भाग घेणाऱ्याची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी, असे आयुर्विज्ञान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. ते वाचणे सोपे आहे. उन्हात उंबऱ्यावर उभे राहून अनोळखी बाईला 'नाही म्हणालात तरी चालेल' हे तिला खरे वाटेल अशा रीतीने सांगणे सोपे नाही. (केसपेपरचा फोटो मोबाईलवर काढून मैत्रिणींना दाखविणारी मुलेही आहेत असे ऐकतो. आईबापांनी याबाबत एकदा तरी कान उपटावा.)

चाळीसपैकी नऊ घरांना कुलूप निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. अहवालाची तारीख जवळ आली. देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, बाकीच्यांचे फॉर्म भरून आले आहेत, तुझेच अपुरे कसे? बरोबरीच्या एका मुलाने उपाय सांगितला: शेजारच्या घरांची उत्तरे थोडी फिरवून लिही, कोण पाहते? प्रमाणपत्र वेळेवर मिळाले नाही तर पुढील प्रवेशाच्या अर्जाला ते जोडता येणार नव्हते. रात्री तिची आई आमच्याकडे आली. "काका, तुम्हीच समजवा हिला. नऊ घरांनी काय होणार आहे?" आणि वाचकहो, लपवून काय करावयाचे? आम्हांसही क्षणभर तसेच वाटले. आम्ही म्हणालो, "अगं, चाळीसात नऊ म्हणजे फार नव्हेत."

ती म्हणाली, "आजोबा, दिवसा कुलूप कोणाच्या घराला असते?"

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. दाहोद आणि छोटा उदेपूरकडून इमारतींच्या कामावर आलेली जोडपी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या. दिवसा कुलूप त्यांच्या घराला असते. तपासणीला न येणाऱ्याही बहुधा त्याच. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. परंतु नऊ तारीख कामाच्या दिवशी आली, तर रोजंदारीवरच्या बाईला मोफत तपासणीसाठी दिवसाची मजुरी मोजावी लागते. त्यांच्या जागी घरी बसलेल्या शेजारणीची उत्तरे लिहिली, तर कागदावर सारे ठीक दिसणार आणि ज्यांच्यासाठी पाहणी केली त्याच नेमक्या त्यातून वगळल्या जाणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या मोठ्या कामात घर बंद असले, तर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारण्याचा दंडक असतो, तो याचसाठी. १९४६ च्या भोर समितीने नव्या डॉक्टराला सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे असे सुचविले होते. आमच्या नातीला ते एका कुलपाने दिले.

तेव्हा उमेदवारीसाठी ओळख मागावयास येणाऱ्यांना हल्ली आम्ही उलट विचारतो: मुलाला काम कोण शिकविणार? तो घरोघर जाणार असेल, तर फेऱ्यांना पुरेसे दिवस दिले आहेत काय? फॉर्म कोरा राहिला, तर त्यालाच दोष देणार काय? विद्यावेतन मिळत नसेल तर निदान रिक्षाभाडे मिळावे. आणि काही ठिकाणी इंटर्नशिपसाठी मुलांकडूनच शुल्क घेतात असे कानांवर येते. तेथे पाठवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गायकवाडी उमेदवाराला पगार मिळत नसे खरा, पण बसण्याची फी तरी त्याला भरावी लागत नव्हती.

मुलीने फॉर्म भरले नाहीत. रविवारी सकाळी ती पुन्हा निघाली. आम्ही रिकामेच होतो, तेव्हा पाण्याची बाटली घेऊन बरोबर गेलो आणि वस्तीच्या तोंडाशी एका चहाच्या टपरीवर बसून राहिलो. अकराच्या सुमारास ती परतली. नऊपैकी सात घरे उघडी सापडली होती. एका घरी तर बाळंतीण दहा दिवसांच्या मुलाला घेऊन बसली होती. इस्पितळाच्या कागदावर ती अजून गरोदरच होती.

प्रमाणपत्र उशिराच आले आणि अर्जाची मुदत टळली. उरलेल्या दोन घरांच्या फॉर्मवर तिने तीन फेऱ्यांच्या तारखा आणि वेळा लिहिल्या, आणि त्यांच्यापुढे एकच शब्द: कुलूप.