आकडे जुळले, पण नळी जुळली का?

समजा एका कारखान्यात वाफेची नळी बदलायची आहे. नकाशावर ‘ए १०६, ग्रेड बी’ असे लिहिले आहे; गोदामात मात्र ‘ए ५३, ग्रेड बी’ शिल्लक आहे. दोन्ही साध्या कार्बन पोलादाच्या. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेची मानके उघडून पाहिली, तर दोहोंचे ताणसामर्थ्य किमान ४१५ मेगापास्कल, दोहोंत कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के. मग बसवावी का ती नळी?

आकडे सारखे म्हणजे वस्तू सारखी, असे आपण चटकन म्हणतो. ही सवय परीक्षांनी लावली आहे आणि ती घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताणसामर्थ्याचा आकडा खोलीच्या तापमानाला मोजलेला असतो. वाफेची नळी खोलीच्या तापमानाला राबत नाही! ए १०६ हे मानक उच्च तापमानासाठीच आहे. ती नळी नेहमी बिनजोडाची असते. ए ५३ मध्ये जोड दिलेली नळीही चालते. ए १०६ मध्ये सिलिकॉन किमान ०.१० टक्के हवेच. ए ५३ मध्ये तशी अट नाही. हे सिलिकॉन कशाला? वितळलेल्या पोलादातील ऑक्सिजनला ते बांधून ठेवते. एरवी तो कार्बनशी संयोग पावतो आणि थिजणाऱ्या पोलादात वायूचे बुडबुडे होतात. गंधक व फॉस्फरस यांच्या मर्यादाही ए १०६ मध्ये अधिक कडक आहेत.

आता तिसरी नळी घ्या: ‘ए ३३३, ग्रेड ६’. सामर्थ्य पुन्हा तेच, ४१५! परंतु ही थंडीसाठी. तिच्या पोलादाचा खाच पाडलेला तुकडा उणे ४५ अंश सेल्सियसपर्यंत थंड करतात आणि लंबकाच्या हातोड्याने तोडतात. तुकडा तोडल्यावर लंबक पलीकडे कमी उंचीवर चढतो. उंचीतील या फरकावरून तुकड्याने किती ऊर्जा शोषली ते कळते. पूर्ण मापाच्या तुकड्यांसाठी ती सरासरी किमान १८ ज्यूल हवी. म्हणजे सुमारे १.८ किलोग्रॅमचे वजन १ मीटर उंचीवरून पडताना मिळते तेवढी. बल आणि ऊर्जा या निराळ्या राशी आहेत, हे तुम्ही शिकलाच आहात; येथे त्याचा उपयोग दिसतो.

ही चाचणी उगाच आलेली नाही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला, शांत पाण्यात उभे असताना जवळजवळ दुभंगले. त्या काळी अशी अनेक जहाजे तडकली. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले, की ठरावीक तापमानाखाली ते पोलाद ठिसूळ होत होते. ताणसामर्थ्याच्या आकड्यावरून हे कळले नसते.

मग बदली कधीच करू नये का? तसे नाही. ए ५३ च्या जागी ए १०६ साधारणपणे चालते; उलट मात्र गृहीत धरता येत नाही. बरोबरीचे चिन्ह दोन्हीकडून वाचता येते, बदली तशी वाचता येत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की गुणधर्मांचा तक्ता पाठ करून घेण्याआधी मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवावे: हा आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला? आणि कोणती चाचणी केलेलीच नाही? नळी फुटल्यावर जवळ उभ्या असलेल्या कामगाराचा जीव या दोन प्रश्नांवर अवलंबून असतो.